रस्त्यावरचे वार्धक्य : वृद्ध भटक्या कुत्र्याला घर देताना

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशम हे तालुक्याचे लहान गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती आणि एकशे आठ शिवलिंगांचे रामलिंगस्वामी मंदिर ही त्याची ओळख. देशातील कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे येथेही रेल्वेस्थानक, बसस्थानक, बाजार आणि मंदिराचा परिसर हीच भटक्या कुत्र्यांच्या वस्तीची ठिकाणे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशामुळे यांपैकी काही ठिकाणांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री तेथून हलवावीत, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे न्यायालयाने सांगितले.

तरुण कुत्र्याच्या बाबतीत या आदेशाचा अर्थ स्थलांतर इतकाच आहे. मात्र ज्याचे सारे आयुष्य एकाच फलाटावर गेले, ज्याचे दात झिजले आहेत आणि ज्याला धड ऐकू येत नाही, अशा वृद्ध कुत्र्याने जायचे कोठे? दत्तक घेणाऱ्यांची नजर पिल्लांवर असते. गर्दीच्या निवारा केंद्रात दुबळ्या प्राण्याचा टिकाव लागणे कठीण. लहान गावांत तर अशी केंद्रे क्वचितच आढळतात. परिणामी हा प्रश्न अनेकदा शासनाच्या नव्हे, तर एखाद्या घराच्या दारात येऊन थांबतो. तंजावर भागातील जुन्या घरांपुढे ‘तिण्णै’ म्हणजे ओटा असतो. पावसापासून आसरा शोधत तेथे येऊन बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ‘आजची रात्र राहू दे’ म्हणून ठेवून घेतले जाते आणि त्या एका रात्रीचे महिने होतात. कोणतीही पूर्वतयारी नसताना अंगावर आलेली ही जबाबदारी नेमकी काय असते, कायदा तिच्याकडे कसा पाहतो आणि ती सुरक्षितपणे कशी पार पाडता येते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वार्धक्य गाठणारे थोडेच

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. महाराष्ट्रात ही संख्या १२ लाख ७६ हजारांच्या, तर तमिळनाडूत ४ लाख ४१ हजारांच्या घरात होती. या संख्येत वृद्ध किती, हे गणना सांगत नाही. परंतु रस्त्यावर जन्मलेल्यांपैकी फारच थोडी कुत्री तेथवर पोहोचतात. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगल्याचे दिसून आले. मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यूंना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारणीभूत होता.

या आकड्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. दहा-बारा वर्षे रस्त्यावर काढलेला कुत्रा हा केवळ नशिबाने वाचलेला नसतो. वाहने, उपासमार, रोगराई आणि इतर कुत्र्यांशी होणाऱ्या झुंजी यांतून तो तगून निघतो, याचा अर्थ कोणीतरी त्याला सातत्याने घासभर अन्न दिलेले असते आणि त्यानेही माणसांत कसे वागावे हे शिकून घेतलेले असते. ज्याला आपण बेवारस म्हणतो, तो बहुधा एखाद्या चहावाल्याचा, फुलवालीचा किंवा रात्रपाळीच्या हमालाचा सोबती असतो. भद्रा यांच्याच गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही, अनोळखी माणसाशी नाते जोडताना रस्त्यावरची कुत्री अन्नापेक्षा मायेच्या स्पर्शाला अधिक प्रतिसाद देतात, असे आढळले. त्यामुळे वृद्ध कुत्रा घरात रुळणारच नाही, हा समज सरसकट खरा नाही.

वय कसे ओळखावे

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा प्रचलित हिशेब शास्त्रीय नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांच्या जनुकद्रव्यावरील रासायनिक खुणांची माणसाशी तुलना केली. कुत्रा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत फार वेगाने प्रौढ होतो आणि पुढे हा वेग मंदावतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पशुवैद्यकशास्त्रात सर्वसाधारणपणे अपेक्षित आयुर्मानाच्या शेवटच्या चतुर्थांशाला वार्धक्य मानतात.

रस्त्यावरच्या कुत्र्याची जन्मनोंद नसते. त्यामुळे दात, डोळे, तोंडावरचे केस आणि चाल यांवरून वयाचा अंदाज बांधावा लागतो. पांढरे झालेले तोंड हे एकटे खात्रीचे लक्षण नाही, कारण काहींचे केस लवकर पांढरे होतात. डोळ्यांतील निळसर धुरकटपणा म्हणजे दर वेळी मोतीबिंदू नव्हे. वयोमानानुसार भिंग घट्ट झाल्याने तसे दिसते आणि त्यात दृष्टी बऱ्यापैकी टिकून राहते. मोतीबिंदूत मात्र भिंग पांढुरके, अपारदर्शक होते. हा फरक पशुवैद्यकाने तपासून सांगावयाचा आहे. कानाची कड कापलेली असेल, तर त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण पूर्वीच झाले आहे, असे समजावे.

कायद्याच्या नजरेतून

प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्यामागे तमिळनाडूच्या कन्या, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेला पाठपुरावा होता. या कायद्यानुसार १९६२ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. याच कायद्याखाली केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू केले. पकडणे, निर्बीजीकरण करणे, रेबीजची लस देणे आणि जेथून उचलले तेथेच पुन्हा सोडणे, ही या नियमांची चौकट असून तिची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. पापनाशमच्या बाबतीत ती तेथील नगर पंचायतीची ठरते.

ही चौकट कुत्र्यांची संख्या आणि रेबीज आटोक्यात ठेवण्यासाठी आखलेली आहे. वृद्धांची शुश्रूषा हा तिचा उद्देश नाही. असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असलेल्या कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद नियमांत आहे. पण केवळ म्हातारपण हे त्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणजे जो आजारी नाही, पण दुबळा आहे, त्याच्यासाठी दोनच मार्ग उरतात: एक तर पुन्हा रस्ता, नाही तर निवारा केंद्र. त्याला खऱ्या अर्थाने मानवेल असा तिसरा मार्ग, म्हणजे घर, केवळ नागरिकच खुला करू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात या मार्गाचा स्वतंत्र उल्लेख केला. भटक्या कुत्र्याला दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने महापालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला ओळखपट्टी लावून अर्जदाराच्या स्वाधीन करावे आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे न्यायालयाने नमूद केले. आपण दत्तक घेत नसून तात्पुरते सांभाळत आहोत, असे मानणाऱ्यांनीही हे शेवटचे वाक्य गांभीर्याने घ्यावे. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे १९६० च्या कायद्यानुसारही गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या खेपेस सांगितलेला दंड अवघा १० ते ५० रुपये असला, तरी त्यामुळे कृत्याचे स्वरूप बदलत नाही. घराची सवय लागलेल्या आणि आपली हद्द गमावलेल्या वृद्ध कुत्र्याला काही महिन्यांनी पुन्हा रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याला इतर कुत्र्यांच्या टोळीपुढे उभे करणे होय.

पहिले काही दिवस

अनपेक्षितपणे आलेल्या कुत्र्याबाबत पहिली काळजी रेबीजची. देशात २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदविल्या गेल्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणून कुत्र्याला पशुवैद्यकाकडे नेऊन तत्काळ लस द्यावी. त्याच वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा जो नियम आहे, तो त्या चाव्यापुरता असतो. रोगाचा विषाणू शरीरात सुप्तावस्थेत काही आठवडे, कधी काही महिनेही राहू शकतो. त्यामुळे लस दिल्यानंतरही वागण्यात अचानक बदल, लाळ गळणे, गिळताना त्रास होणे किंवा आवाज बदलणे यांकडे दुर्लक्ष करू नये.

घरातील माणसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक लस घेणे शहाणपणाचे ठरते. कुत्रा चावला, त्याने ओरखडा काढला किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तिखट किंवा तेल लावण्याचे घरगुती उपाय टाळावेत.

दुसरी काळजी इतर आजारांची. घरात आधीपासून कुत्रा असेल, तर नव्या पाहुण्याला सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे. जंत, खरूज आणि गोचिडी यांवर उपचार करावेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील बिंबिका कमी होतात, नाकातून रक्त येते आणि कुत्रा मलूल होतो. रक्त तपासल्यावर हा आजार कळतो आणि औषधाने आटोक्यात येतो. मूत्रपिंड व यकृताची तपासणी त्याच रक्तातून करून घ्यावी. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ किंवा रक्तस्राव दिसल्यास घाबरून जाऊ नये. भटक्या कुत्र्यांत आढळणारी ही संसर्गजन्य गाठ बहुतेक वेळा इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते. मादीचे निर्बीजीकरण झाले नसेल, तर उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तिने अचानक खूप पाणी पिणे, खाणे सोडणे किंवा तिच्या अंगावरून स्राव जाणे, ही तातडीने उपचार करण्याची लक्षणे होत. वृद्ध प्राण्याला भूल द्यायची की नाही, याचा निर्णय मात्र तपासण्यांनंतर पशुवैद्यकानेच घ्यावा.

लहान गावातील लोकांना शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना हा पहिला आधार असतो. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे २०१२ पासून शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये हा गुंतागुंतीच्या उपचारांसाठी पुढचा टप्पा ठरतो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर आणि अकोला येथे तशी सोय आहे.

घर त्याच्याजोगे करताना

वृद्ध कुत्र्याच्या गरजा तुलनेने साध्या असतात. त्याला धावायला अंगण नको असते. न घसरणारी जमीन हवी असते. गुळगुळीत फरशीवर सांधेदुखी असलेल्या कुत्र्याचे पाय फाकतात. जुने गोणपाट, सतरंजी किंवा पायपुसणी अंथरल्यास तो निर्धास्त चालू लागतो. झोपण्याची जागा जाड अंथरुणाची, कोरडी आणि घराच्या वर्दळीपासून जराशी बाजूला असावी. त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो. त्या ओलाव्यात सांधे अधिक आखडतात आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. कोकण आणि गोव्यात हाच काळ जून ते सप्टेंबर असतो.

आहार थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. दीर्घकाळ उपाशी असलेल्या प्राण्याला एकाच वेळी भरपूर खाऊ घातल्यास अपाय होतो. तमिळनाडूत घरोघरी असणारा दहीभात बहुतेक कुत्र्यांना पचतो, पण त्यात प्रथिने कमी पडतात. त्याला उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी यांची जोड द्यावी. सांबारभात मात्र टाळावा, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना हानी पोहोचवतात. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही विषारी ठरतात. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या मनानेच देण्याची चूक अनेकदा जिवावर बेतते.

ऐकू न येणाऱ्या झोपलेल्या कुत्र्याला अचानक हात लावला, तर तो दचकून चावू शकतो. आधी जमिनीवर हलके पाऊल आपटून कंपनाने त्याला जागे करावे, मग समोरून जावे. लहान मुलांना हे आवर्जून शिकवावे. पहिल्याच दिवशी आंघोळ घालणे, गळ्यात पट्टा अडकवणे, पाहुण्यांना दाखवणे, या गोष्टी लांबणीवर टाकाव्यात.

काही वृद्ध कुत्री रात्री येरझारा घालतात, कोपऱ्यात अडकून उभी राहतात किंवा ओळखीच्या माणसाकडेही परक्यासारखी पाहतात. हा हट्टीपणा नसून मेंदूच्या वार्धक्याचा भाग असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा विस्मरणाचे किमान एक लक्षण आढळले होते. मंद दिवा, ठरलेले वेळापत्रक आणि सामानाची न बदलणारी जागा यांनी त्यांची अस्वस्थता बरीच कमी होते.

एका घरापासून संस्थेपर्यंत

अवचित आलेल्या प्राण्याला घरात घेण्याच्या कृतीतून तमिळनाडूत एक मोठी चळवळ उभी राहिली. मद्रासमध्ये १९५९ साली पुराच्या पाण्यात सापडलेल्या पिल्लांना वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी वाचवून घरी आणले आणि त्यांच्या घरातूनच ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेचे काम सुरू झाले. कुत्री मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण करावे, ही कल्पना या संस्थेने १९६४ पासून राबवली. आजच्या राष्ट्रीय नियमांचे मूळ त्या प्रयोगात आहे. कुत्री मारण्याला होणारा विरोध तर त्याहून जुना आहे. मुंबईत जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता.

तंजावरला तर माणूस आणि प्राणी यांच्या उपचारांचा एकत्र विचार करण्याची परंपरा मराठी राजवटीत लाभली. दुसरे सरफोजीराजे यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात माणसांसाठी तसेच जनावरांसाठी औषधे तयार होत असत. अलीकडे तमिळनाडू सरकारने संत वल्लालार यांच्या द्विशताब्दीनिमित्त भटक्या व सोडून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थांसाठी २० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मात्र अशी मदत नोंदणीकृत संस्थांपर्यंत पोहोचते. ओट्यावर आलेल्या एका कुत्र्याला सांभाळणारे कुटुंब तिच्या कक्षेबाहेरच राहते.

तात्पुरते की अखेरपर्यंत

तात्पुरत्या सांभाळाची कल्पना अशी, की प्राण्याला योग्य घर मिळेपर्यंत आपण मधला आधार व्हायचे. पिल्लांच्या बाबतीत ते बऱ्याचदा जमते. वृद्ध कुत्र्याला दुसरे घर मिळण्याची शक्यता कमी असते, हे सुरुवातीलाच मान्य करावे. त्यामुळे ‘दुसरी सोय झालीच नाही, तर हा इथेच राहील का?’ हा प्रश्न घरातील सर्वांनी पहिल्या आठवड्यातच एकमेकांना विचारावा. भाड्याचे घर, लहान मूल, सतत प्रवासाची नोकरी किंवा घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असणे, ही नकाराची रास्त कारणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला ओळखणारे चहावाले, दुकानदार आणि शेजारी यांनी मिळून औषधाचा खर्च, जेवण व रात्रीचा आसरा वाटून घेतला, तरी त्याच्या जगण्यात मोठा फरक पडतो. घरात ठेवायचे ठरल्यास स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून लसीकरणाचे कागद जपून ठेवावेत. गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्याबरोबरच शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणे ही पालकाची जबाबदारी असते.

या सांभाळाचा शेवट जवळचा असतो, हेही लपवून चालणार नाही. वर्ष, दोन वर्षे, कधी काही आठवडे. कुत्रा स्वतःहून खातो का, उठून उभा राहतो का, ओळखीच्या हाकेला शेपटी हलवतो का, वेदनेविना झोपतो का, याची रोजची साधी नोंद ठेवावी. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा अधिक होऊ लागले, तर पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावे. वेदना असाध्य असेल, तेव्हा शांत मरण देणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

महाभारतातील युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जाण्यास नकार दिला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. दत्तात्रेयांच्या चित्रात कुत्री असतात, खंडोबासोबत कुत्रा असतो आणि भैरवाचे तर ते वाहन. दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रश्न या श्रद्धेपेक्षा अधिक व्यावहारिक आहे: एक लस, एक रक्ततपासणी, एक जुनी सतरंजी, दोन वेळचे मऊ अन्न आणि ‘पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही’ एवढा निश्चय. कायद्याच्या चौकटीत आज वृद्ध कुत्र्यासाठी वेगळी जागा नाही. ती निर्माण होईपर्यंत अशी घरे हाच त्याचा खरा निवारा राहणार आहे.